पाद्र्यांचे हिब्रू आणि दारफाळणीचा सण

भंडारा जिल्ह्यात तेली कोण हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पण साकोलीच्या बाजारात कुणी ‘शनवार तेली’ म्हटले, तर ऐकणारा थबकेल. हे नाव कोकणातले, जुन्या कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले. सोमवार हा शंकराचा वार म्हणून त्या दिवशी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली आणि शनिवारी घाण्याला बैल न जुंपणारे ते शनवार तेली, असा फरक शेजारीपाजारी करत. त्यापलीकडे या लोकांची चौकशी करण्याची गरज गावाला फारशी वाटली नाही. हे शनवार तेली स्वतःला बेने इस्राएल म्हणवत. घरात मराठी, बायकांच्या अंगावर लुगडे, आणि आडनावे केहिमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर अशी गावांवरून आलेली. फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांच्यापासून आपला समाज वाढला, अशी त्यांची परंपरागत कथा. ती इतिहास म्हणून कितपत टिकते हा वेगळा विषय आहे. त्या कथेतल्या मृतांची म्हणून दाखवली जाणारी दफनभूमी नवगावला आहे, आणि शनिवार पाळणारा हा समाज कोकणात कित्येक पिढ्या होता, एवढे तरी निश्चित.

या समाजाच्या वर्षभराच्या सणांत सर्वांत कडक तो दारफाळणीचा सण. बायबलमध्ये सातव्या महिन्याच्या दहाव्या तिथीला जो प्रायश्चित्ताचा दिवस सांगितला आहे, ज्याला जगभरचे ज्यू योम किप्पुर म्हणतात, तोच हा. ख्रिस्ती धर्मविचारात, आणि विशेषतः येशूला मसीहा मानूनही ज्यू सणवार पाळणाऱ्या मेसियानिक पंथात, या दिवसाचा आध्यात्मिक अर्थ ठरलेला आहे. हा दिवस म्हणजे सावली, मसीहा म्हणजे ती सावली पाडणारी वस्तू, आणि मसीहा आल्यावर दिवसाचा खरा अर्थ उलगडतो. श्रद्धेचे विधान म्हणून त्याच्याशी वाद घालण्याचे कारण नाही. पण हाच अर्थ एकोणिसाव्या शतकात, मराठीतून, कोकणातल्या आणि मुंबईतल्या बेने इस्राएलांसमोर मांडला गेला. मांडणारे विद्वान होते, कळकळीचे होते, त्यांच्याकडे शाळा होत्या, छापखाने होते. आणि ऐकणाऱ्यांनी त्यांच्याकडून हिब्रू घेतले, व्याकरण घेतले, बायबल घेतले, पण अर्थ घेतला नाही. माझ्या मते याचे कारण अडाणीपणात किंवा हट्टात सापडत नाही. पाद्री ज्या जागी मसीहाला बसवू पाहत होते ती जागा कोकणातल्या घरात रिकामी नव्हती, हे ते कारण.

साकोलीच्या वाचकाला हे प्रकरण दूरचे वाटेल, पण त्याचा एक धागा झाडीपट्टीपर्यंत येतो. बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिणारा स्कॉटिश पाद्री जॉन विल्सन आणि १८४५ मध्ये नागपूरला येऊन पोचलेला स्टीफन हिस्लॉप हे एकाच चर्चचे. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली तेव्हा विल्सन नव्या फ्री चर्चबरोबर गेले आणि हिस्लॉप त्याच फ्री चर्चकडून नागपुरात आले. मुंबईचे विल्सन कॉलेज आणि नागपूरचे हिस्लॉप कॉलेज ही त्या दोघांची नावे आजही वागवतात. नागपूरचे हे मिशन पुढे भंडाऱ्यापर्यंत पसरले. हिस्लॉप यांनी गोंडांची गाणी, लिंगोची कथा टिपून घेतली. १८६३ मध्ये टाकळघाटजवळ पुराच्या पाण्यात ते बुडाले आणि त्यांचे टिपण १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी छापून आणले. म्हणजे एकाच पठडीतली माणसे एका टोकाला गोंडांचे पुराण ऐकत होती आणि दुसऱ्या टोकाला तेल्यांना हिब्रू शिकवत होती. दोन्हीकडे त्यांना समोरच्या माणसाच्या रूढीत आपल्या शास्त्राची अर्धवट खूण दिसत होती. त्यांची चिकाटी आणि त्यांची चूक, दोन्हींचे मूळ या पाहण्यात आहे.

आता खुद्द सण पाहू. हाईम सॅम्युअल केहिमकर हे बेने इस्राएलांचे स्वतःचे इतिहासकार. त्यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला इतिहास छापून निघायला १९३७ साल उजाडले, तोही तेल अवीवहून. केहिमकर आणि त्यांच्यानंतरच्या अभ्यासकांनी जुन्या रीतीचे जे वर्णन दिले आहे त्यात दारफाळणी अशी दिसते. आदल्या दिवशी आधी ऊन आणि मग गार पाण्याने स्नान. सूर्य मावळण्याआधी जेवण उरकायचे. अंगावर पांढरे कपडे. मग दार लावून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, काम नाही, परक्या माणसाशी बोलणे नाही, शिवणे नाही. घाणा बंद, चूल बंद. मेलेल्या वाडवडिलांचे आत्मे आदल्या दिवशी घरी येतात आणि सण उलटून गेला की परततात, असा समज होता. म्हणून तिसरा दिवस शिळा सण. त्या दिवशी दार उघडे, गोरगरिबांना दानधर्म, नातलगांकडे जाणेयेणे. घरातले वर्षभराचे रुसवेफुगवे मिटवायला याहून सोयीचा दिवस कोणता असणार?

या रीतीचे महत्त्व कळायला हे लक्षात घ्यावे लागते की ती पाळणाऱ्यांकडे ग्रंथ नव्हता. मद्रासमधला मिशनरी सार्टोरियस याने १७३८ च्या पत्रात पश्चिम किनाऱ्यावरच्या या लोकांचा उल्लेख केला आहे. बाहेरच्या जगाने त्यांची घेतलेली ही पहिल्या नोंदींपैकी एक. स्वतःला बेने इस्राएल म्हणवणाऱ्या या लोकांकडे बायबल नाही आणि हिब्रूतली ‘शमा’ ही एकच प्रार्थना त्यांना येते, असे तो कळवतो. ‘ऐक, हे इस्राएला’ अशा हाकेने सुरू होणारी ही एकेश्वराची ग्वाही जन्म, सुंता, लग्न, मरण अशा सर्व प्रसंगी म्हटली जाई. त्यांच्या परंपरेत दाविद राहाबी नावाचा एक पाहुणा येतो. बायकांनी खवले-पर नसलेली मासळी वेगळी काढलेली पाहून तो यांना ज्यू म्हणून ओळखतो आणि तीन घराण्यांतल्या माणसांना धर्मकृत्ये शिकवतो. हे शिकलेले लोक काजी म्हणवले गेले. हा राहाबी कधीचा, यावर एकमत नाही. परंपरा त्याला हजारएक वर्षे मागे नेते. कोचीनच्या ज्यूंमध्ये अठराव्या शतकात याच नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होऊन गेला, तोच हा असे बरेच अभ्यासक मानतात. दारफाळणी राहाबीच्या आधीपासूनची की त्याने शिकवलेली, हा प्रश्नही त्यामुळे मोकळाच राहतो. सणांची नावे मात्र सगळी मराठी मातीतली: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण, होळीचा सण. पुस्तकातून आलेला सण बहुधा पुस्तकातले नाव घेऊन येतो. ही नावे स्वयंपाकघरातून आणि अंगणातून आली आहेत.

ग्रंथ नसताना ग्रंथातला दिवस पाळला कसा गेला? उत्तरासाठी लेवीय पुस्तकाचा सोळावा अध्याय नीट वाचावा लागतो. तिथे या दिवसाची बहुतेक सारी धावपळ एका माणसाची, मुख्य याजकाची आहे. त्याने अंग धुवायचे, नेहमीची भरजरी वस्त्रे बाजूला ठेवून साधी तागाची वस्त्रे ल्यायची, पडद्यापलीकडच्या परमपवित्र स्थानी धूप घेऊन जायचे, रक्त शिंपडायचे. दोन बोकडांपैकी एकाचा बळी. दुसऱ्याच्या डोक्यावर लोकांची पापे ठेवून त्याला रानात हाकलून द्यायचे. आणि तो आत असताना मंडपात दुसऱ्या कुणीही थांबायचे नाही. सामान्य माणसाच्या वाट्याला दोनच गोष्टी येतात: काम करू नये आणि जिवाला क्लेश द्यावेत. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर पाडले आणि याजकाचा सगळा भाग कायमचा थांबला. यापुढे या दिवसाचे काय करायचे, हा सगळ्याच ज्यूंपुढचा प्रश्न होता. धर्मशास्त्र्यांनी बळीच्या जागी प्रार्थना, पश्चात्ताप आणि दानधर्म बसवला. प्रार्थनास्थळात संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत चालणारी उपासना त्यातून वाढली. तिचा शेवट ‘नेइला’ या प्रार्थनेने होतो, आणि त्यातली कल्पना स्वर्गाची दारे मिटत आल्याची आहे.

बेने इस्राएलांच्या रीतीकडे या चौकटीतून पाहिले की एक विलक्षण गोष्ट दिसते. स्नान, पांढरी वस्त्रे, बंद जागा आणि तिथे दुसऱ्या कुणाला मज्जाव, या चारही गोष्टी लेवीय पुस्तकात याजकाच्या वाट्याला आहेत. कोकणात त्या प्रत्येक घराच्या वाट्याला आल्या. हे कुणी ठरवून केले असे मी म्हणत नाही. पांढरे कपडे आणि स्नान इतर देशांतल्या ज्यूंमध्येही या दिवशी आढळते, हेही खरे. पण तिथे ती उपासनेची तयारी असते. इथे उपासना म्हणावी असे याखेरीज फारसे काही नव्हतेच. मंदिर नाही, याजक नाही, धर्मशास्त्री नाही, सभास्थान नाही. मुंबईत सॅम्युअल दिवेकरांनी पहिले सभास्थान बांधले ते १७९६ मध्ये. तोपर्यंत घर हेच सभास्थान आणि लावलेले दार हाच पडदा. त्या दारामागे कुणीही मध्यस्थ नसताना माणूस आपल्या देवापुढे दिवसभर उपाशी बसे, आणि सोबतीला मेलेली माणसे.

मेसियानिक अर्थ आता त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडायला हवा, कारण त्याची सोपी थट्टा करणे अन्यायाचे होईल. त्याचा आधार नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रात आहे. ज्यू वाचकांसमोर ज्यू विधींचा आधार घेऊनच ते लिहिलेले आहे, आणि प्रायश्चित्ताच्या दिवसाचा इतका बारकाईने विचार करणारे लिखाण आरंभीच्या ख्रिस्ती वाङ्मयात दुसरे नाही. त्याचा युक्तिवाद असा की, याजकाला दरवर्षी आत जावे लागते यातच त्या विधीची अपूर्णता दिसते. ज्याने पाप खरोखर धुतले जाते त्याची पुनरावृत्ती कशाला? येशू हा असा मुख्य याजक की जो स्वतःचेच रक्त घेऊन, एकदाच, कायमचा आत गेला. मत्तयच्या शुभवर्तमानात त्याच्या मृत्यूच्या क्षणी मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटतो, त्याचा अर्थही हाच लावला जातो. आजचे मेसियानिक ज्यू यात आणखी एक पदर जोडतात. सातव्या महिन्यातले सण त्यांना भविष्याची वेळापत्रके वाटतात: कर्ण्यांचा सण म्हणजे मसीहाच्या पुनरागमनाची हाक, प्रायश्चित्ताचा दिवस म्हणजे सगळ्या इस्राएलाने त्याला ओळखून शोक करण्याचा दिवस, मांडवांचा सण म्हणजे त्याचे राज्य. म्हणून प्रायश्चित्त आधीच पूर्ण झाले आहे असे मानूनही त्यांतले पुष्कळ जण उपास धरतात. आपल्या लोकांसाठी रदबदली म्हणून धरतात. रचना सुसंगत आहे. पुनरावृत्तीविषयीचा तिचा प्रश्नही खराच बोचणारा आहे.

हीच रचना घेऊन मिशनरी आले. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यांच्या शाळांत बेने इस्राएल मुले शिकली आणि मोठी झाल्यावर काही जण तिथेच मास्तर झाले. १८२६ मध्ये या मिशनने नवा करार मराठीत छापला. त्याच दशकात मायकेल सार्गन हा कोचीनचा ज्यू बेने इस्राएलांत काम करू लागला. तो ख्रिस्ती झालेला होता आणि ज्यूंमध्ये धर्मप्रसार करणाऱ्या लंडनच्या संस्थेसाठी राबत होता. आजच्या भाषेत त्यालाच मेसियानिक ज्यू म्हणावे लागेल. १८२९ मध्ये जॉन विल्सन आले आणि तीनच वर्षांत, १८३२ मध्ये, त्यांनी मराठीतून हिब्रू शिकवणारे व्याकरण छापले. ज्या समाजाला एक प्रार्थना सोडून हिब्रूचा गंध नव्हता, त्याला स्वतःच्या शास्त्राची लिपी परक्या धर्माच्या पाद्र्याकडून मिळाली. विल्सन यांचा हिशेब सरळ होता. यांना मूळ शास्त्र वाचता येऊ दे. मूळ शास्त्र वाचले की त्यातली मसीहाविषयीची भाकिते दिसतील. ती दिसली की उरलेला रस्ता आपोआप कापला जाईल.

घडले वेगळेच. विल्सनना अनुयायी मिळाले ते अगदीच थोडे. उलट या हिब्रूवर एक पिढी उभी राहिली जिने स्वतःचा धर्म स्वतःच्या हाताने मराठीत आणला. १८४६ मध्ये मुंबईत हिब्रू-मराठी हग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी, शिळाछापावर निघाली. १८७४ मध्ये पुण्याहून निघालेल्या हग्गादात चित्रे आहेत आणि त्यात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसून बसल्या आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तके एकामागून एक मराठीत उतरवली आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक म्हणूनही काम केले. १८८० च्या सुमारास बेने इस्राएलांनी कीर्तन हाती घेतले. पूर्वरंग-उत्तररंग, साकी-दिंडीसकट अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने रंगू लागली. केहिमकरांनी मुलांसाठी काढलेली इस्राएली शाळाही याच काळातली, १८७५ ची. आणि याच केहिमकरांनी मिशनऱ्यांचे ऋण मोकळ्या मनाने मान्य केले आहे. उपकार मानायचा आणि उपदेश बाजूला ठेवायचा, ही गोष्ट या लोकांना मुळीच अवघड गेली नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, त्यांनी मेसियानिक अर्थ नाकारला कारण त्यांना तो कळलाच नाही. उपास आणि सोवळेओवळे यापलीकडे त्यांची समज नव्हती. १७३८ च्या बेने इस्राएलांबद्दल हे म्हणता येईल. १८७५ च्या बेने इस्राएलांबद्दल नाही. त्यांच्यातले लोक मिशनच्या शाळांतून मराठी बायबल शिकवत होते. इब्री लोकांस पत्र त्यांनी वाचले नसेल हे संभवत नाही; कित्येकांनी ते वर्गात वाचून दाखवले असेल. दोन्ही करार मराठीत समोर असताना त्यांनी निवड केली. ती निवड चुकली असे कुणाला वाटू शकते, पण ती अज्ञानातून झाली म्हणणे कालगणनेशीच जुळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आत्मे घरी येतात, शिळे खायचे, महिनाभर उपास करून त्याला रमजान म्हणायचे, उपासाला रोजा म्हणायचे, हे बायबलमधले नाहीच. पितृपक्ष, शिळासप्तमी आणि शेजारच्या मुसलमानांचे रोजे यांची ही सरमिसळ आहे, तेव्हा तिच्यात ‘बायबलमधल्या दिवसाचा आध्यात्मिक अर्थ’ शोधण्यात काय हशील? उसनवारी झाली हे उघड आहे. भाद्रपदात पितर येतात आणि ज्यूंचा सातवा महिना, तिश्री, त्याच हंगामाच्या आगेमागे पडतो, तेव्हा दारफाळणीला वाडवडील घरी येऊ लागले यात नवल नाही. खिरीचा सण घ्या. नव्या वर्षानंतर, तिसऱ्या दिवशीचा रोजा सोडून, नव्या भाताची खीर करून शमा म्हणत खायची. भाताच्या मुलखात हे कुणालाही ओळखीचे वाटेल. साकोलीच्या आसपासच्या गोंडांत देवाला दाखवल्याशिवाय नवे तांदूळ तोंडाला लावत नाहीत, आणि कोकणातल्या हिंदू घरांत नवान्न पौर्णिमा असते. पण नव्या पिकाचा पहिला भाग देवापुढे ठेवल्याशिवाय खाऊ नये ही आज्ञा खुद्द लेवीय पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात आहे, प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या आज्ञेच्या थोडी आधी. शेती करणाऱ्या माणसांचा ग्रंथ शेती करणाऱ्या माणसांत आला की उसने कोणते आणि मूळचे कोणते हे सोलून वेगळे करता येत नाही. शिवाय भेसळीचा हा निकष लावायचा तर तो सगळ्यांना लावावा लागेल. पूर्व युरोपातले ज्यू याच सणाच्या तोंडावर कोंबडा डोक्याभोवती फिरवून आपले पाप त्याच्यावर घालत आले. तेही लेवीय पुस्तकात नाही, आणि त्यांच्याच कित्येक शास्त्र्यांनी त्याला नाके मुरडली. याजकाचा भाग थांबल्यावर पडलेली पोकळी प्रत्येक ठिकाणच्या लोकांनी हाताशी होते त्याने भरली. ख्रिस्ती धर्माने ती मसीहाने भरली, धर्मशास्त्र्यांनी प्रार्थनेने, आणि कोकणातल्या तेल्यांनी स्वतःच्या घराने.

तिसरा आक्षेप मसीहाच्या वाटेने येतो: या लोकांना मसीहाची आसच नव्हती, म्हणून त्यांना तो दाखवूनही दिसला नाही. इथे एलियाहू हन्नाबीकडे, म्हणजे एलीया संदेष्ट्याकडे, पाहावे लागते. मलाखी संदेष्ट्याच्या शेवटच्या ओळींवरून ज्यू आणि ख्रिस्ती दोघेही एलीयाला मसीहाच्या आधी येणारा दूत मानतात. बेने इस्राएलांचा एलियाहू अलिबागजवळच्या खंडाळे गावात उतरून गेलेला आहे. तिथल्या खडकावर त्याच्या रथाच्या चाकोऱ्या आणि घोड्याच्या खुणा दाखवतात. त्याच्या नावाने मलिदा होतो. मोठ्या ताटात भिजवलेले पोहे, ओला नारळ, गूळ किंवा साखर, वर पाच प्रकारची फळे; मध्ये प्रार्थना, आणि मग सर्वांना वाटप. नवस फेडायला, लग्नाआधी, बाळंतीण सुखरूप सुटल्यावर, परदेशी जाताना मलिदा करतात. म्हणजे एलियाहू इथे येणाऱ्या काळाची वर्दी देणारा राहिलेला नाही, तो हाकेला धावणारा झाला आहे. मेसियानिक विचारवंताला ही घसरण वाटेल. मला तसे वाटत नाही. आस आहे, पण तिची मुदत जवळची आहे: शेवटचा दिवस उजाडण्याची वाट न पाहता, या महिन्यातल्या बाळंतपणाला. आणि लांबची आसही मेली नव्हती. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र झाले आणि पुढच्या काही दशकांत या समाजाचा फार मोठा भाग तिकडे निघून गेला. नोकऱ्या, आप्तेष्ट, इंग्रज गेल्यावरची अस्वस्थता ही कारणे होतीच, पण सियोनला परतणे हा शब्दप्रयोग त्यांच्या प्रार्थनांत होता आणि जाणाऱ्यांनी तो गांभीर्याने घेतला.

तिकडे गेल्यावर त्यांच्या ज्यूपणाची जी तपासणी झाली ती या वादाला एक कडू फोडणी देऊन जाते. बेने इस्राएलांच्या लग्नांबाबत मुख्य धर्मपीठाने शंका काढल्या. साठच्या दशकाच्या आरंभी त्यांनी निदर्शने केली, उपोषणे केली, आणि १९६४ मध्ये ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे मान्य झाले. पंचवीस वर्षांनी, १९८९ मध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मेसियानिक ज्यूंच्या एका दांपत्याला, ज्यूंना इस्राएलचे नागरिकत्व देणाऱ्या परतीच्या कायद्याचा लाभ नाकारला. येशूला मसीहा मानणे हे ज्यू धर्माबाहेर जाणे होय असे न्यायालयाला वाटले. दोन निकालांची तुलना पुरती करता येत नाही, कारण एक जन्माबद्दल आहे आणि दुसरा श्रद्धेबद्दल. तरी मेसियानिक लोकांची एक तक्रार मला रास्त वाटते: सण पाळणे ही ज्यूपणाची खूण असेल तर तो उपास आम्हीही धरतो. केवळ शास्त्राच्या अर्थावरून माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवणे सोपे असते. ज्या बेने इस्राएलांनी एकोणिसाव्या शतकात हा अर्थ नाकारला त्यांनी सार्गनला मात्र दाराबाहेर ठेवले नव्हते. तो ख्रिस्ती आहे हे ठाऊक असूनही त्याच्याकडून ते हिब्रू शिकले.

ग्रंथ हाती आल्याचा दारफाळणीवर परिणाम झाला नाही, असे मात्र नाही. झाला, आणि मिशनऱ्यांना अपेक्षित होता त्याच्या अगदी दुसऱ्या दिशेने. हिब्रू आले, कोचीन आणि बगदादकडच्या ज्यूंशी संबंध वाढले, आणि गावोगाव सभास्थाने उभी राहिली. अलिबागच्या इस्राएल आळीतले मागेन आबोथ १८४८ चे. योम किप्पुर आता घराबाहेर आले. ज्या दिवशी दार लावून बसायचे त्याच दिवशी दार उघडून, पांढऱ्या कपड्यांत, सभास्थानात जायचे, आणि आदल्या संध्याकाळच्या ‘कोल निद्रे’पासून शेवटच्या नेइलापर्यंत हज्जानच्या, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याच्या, मागे प्रार्थना म्हणायची. बंद होणारे दार आता प्रार्थनापुस्तकात गेले. मुंबईतल्या पहिल्या सभास्थानाचे नावच दयेचे द्वार या अर्थाचे आहे, आणि तिथे या दिवशी गर्दी उसळे. यात मिळाले ते पुष्कळ: जगभरच्या ज्यूंशी एकच पंचांग, एकच पाठ, आणि ‘तुम्ही खरे ज्यू कशावरून’ या प्रश्नाला द्यायला छापील उत्तर. गमावले ते शिळ्या सणात. शास्त्रशुद्ध पंचांगात प्रायश्चित्ताच्या दुसऱ्या दिवशी काहीच नाही; पाच दिवसांनी येणाऱ्या मांडवाच्या सणाची तयारी तेवढी असते. वाडवडिलांना निरोप देण्याचा, दार उघडून गरिबाला वाढण्याचा दिवस हळूहळू मागे पडला. तो मागे सारला तोही मिशनऱ्यांनी नाही, समाजातल्याच शिकलेल्यांनी, तो पुस्तकात सापडेना म्हणून. खरे तर सभास्थानात योम किप्पुरच्या सकाळी जो यशयाचा अट्ठावन्नावा अध्याय वाचतात, त्यात देवाला हवा तो उपास म्हणजे भुकेल्याला भाकर देणे आणि बेघराला घरात घेणे असेच सांगितले आहे.